राजीनाम्याआधीचा जमाखर्च

पगारदार माणसाने नोकरी सोडली, तर त्याचा हिशेब बहुधा एका कागदावर मावतो. महिन्याचा पगार, शिल्लक रजा, भविष्य निर्वाह निधी आणि पात्रता असल्यास ग्रॅच्युइटी, एवढ्या चार आकड्यांपलीकडे त्याचे आणि कंपनीचे फारसे देणेघेणे उरत नाही. कमिशनवर विक्री करणाऱ्याची गोष्ट निराळी असते. त्याने आज नोंदवलेल्या ऑर्डरचा माल आठ-पंधरा दिवसांनी गाडीत भरला जातो, त्याचे पैसे दोन-अडीच महिन्यांनी येतात आणि कमिशन त्यानंतर हाती पडते. कोणत्याही दिवशी पाहिले, तरी त्याच्या कामाचा काही मोबदला मिळालेला असतो आणि काही अजून बाजारात फिरत असतो. राजीनाम्यावर पडणारी तारीख या फिरत्या भागाचे दोन तुकडे करते. कोणता तुकडा आपल्या पदरात पडेल, हे ती तारीख लिहिण्यापूर्वी पाहावे लागते.

व्यापारी घरांना येणे आणि देणे यांतला फरक शिकवावा लागत नाही. तरीही याच घरांतील मुले नोकरी सोडताना हिशेब सर्वांत शेवटी मांडतात, असा अनुभव आहे. पूर्वी मुलगा पदवी घेऊन थेट गादीवर बसे. आता तो पाच-सात वर्षे एखाद्या कंपनीत विक्रीचे काम करतो. औषधे, रंग, टाइल्स, सदनिका, विमा, काही ना काही विकतो, बाजार पाहतो आणि मग घरच्या व्यवसायाकडे वळतो किंवा नवे दुकान थाटतो. हा क्रम चांगलाच आहे. फक्त परत फिरण्याचा दिवस मुहूर्त पाहून ठरतो, वरिष्ठाशी झालेल्या खडाजंगीने ठरतो, किंवा ‘आता पुरे’ या एका वाक्याने ठरतो.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. सांगलीत दोन पिढ्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. धाकटा मुलगा बी.कॉम. होऊन मोरबीच्या एका टाइल्स कंपनीसाठी सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत आणि जयसिंगपूर एवढ्या भागात विक्री पाहतो. येत्या १५ जूनला त्याच्या नोकरीस पाच वर्षे पूर्ण होतील. निश्चित पगार महिना २२,००० रुपये, आणि सोयीसाठी तो सर्वच मूळ वेतन आहे असे समजू. कमिशन विक्रीवर नाही, वसूल झालेल्या रकमेवर दीड टक्का. वर्षाची सरासरी घेतली तर महिन्याला ३० लाखांचा माल जातो. डीलरला ७५ दिवसांची उधारी आहे. याखेरीज आर्थिक वर्षाची वसुली साडेतीन कोटींवर गेली, तर संपूर्ण वसुलीवर आणखी अर्धा टक्का इन्सेंटिव्ह मिळतो. वर्षाचे हिशेब बंद झाल्यावर तो जूनच्या पहिल्या आठवड्यात जमा होतो.

जानेवारीत वडिलांनी विषय काढला. दुकानाशेजारचा गाळा रिकामा झाला होता आणि तिथे टाइल्सचे शोरूम अक्षय तृतीयेला उघडावे, असे त्यांच्या मनात होते. मुलगाही सततच्या प्रवासाला कंटाळला होता. त्या आठवड्यातच त्याने राजीनामा लिहिला असता.

त्या घरात त्या रात्री जो हिशेब झाला, तो असा. महिन्याला ३० लाख आणि ७५ दिवसांची उधारी, म्हणजे बाजारात ७५ लाख येणे. त्यावर दीड टक्क्याने १,१२,५०० रुपये कमिशन अजून हाती यायचे. वर्षाची वसुली ३ कोटी ६० लाखांच्या घरात जाईल असे दिसत होते, म्हणजे इन्सेंटिव्हचे १,८०,००० रुपये. ग्रॅच्युइटी पंधरा दिवसांचे वेतन गुणिले वर्षे, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा, या रीतीने पाच वर्षांची सुमारे ६३,४६० रुपये. तिन्ही मिळून साडेतीन लाखांवर. नव्या शोरूममध्ये मांडण्याच्या पहिल्या मालाची निम्मी रक्कम यातून निघाली असती. यांतला एकही रुपया त्या जानेवारीत त्याचा पूर्णपणे झालेला नव्हता.

आता नेमणुकीचे पत्र आणि कमिशनची योजना काढून वाचणे आले. बहुतेक तरुणांनी हे कागद रुजू होताना सही करण्यापुरतेच पाहिलेले असतात. या मुलाच्या पत्रात तीन गोष्टी आढळल्या. सूचनेचा काळ ६० दिवसांचा होता. कमिशन ‘सेवेत असताना झालेल्या वसुलीवर’ देय होते, म्हणजे त्याने विकलेल्या मालाचे पैसे तो गेल्यानंतर आले तर त्यावर त्याचा हक्क नव्हता. आणि इन्सेंटिव्ह देण्याच्या दिवशी कर्मचारी हजेरीपटावर असला पाहिजे, शिवाय त्याने राजीनामा दिलेला नसला पाहिजे, असे एक छोटेसे वाक्य तळाशी होते. या शेवटच्या चार शब्दांनी अनेकांचे वर्षाचे श्रम वाया जातात. मे महिन्यात प्रामाणिकपणे सूचना देणारा माणूस जूनच्या यादीतून वगळला जातो आणि त्याला दाद मागायला जागा उरत नाही.

कायदा येथे थोडी मदत करतो, पण थोडीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते. परंतु त्याच संहितेने ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येतून कमिशन बाहेर ठेवले आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरावा, असेही तेथे म्हटले आहे. ज्याचे कमिशन पगाराहून मोठे आहे, त्याने ग्रॅच्युइटीच्या हिशेबात हा मुद्दा कंपनीला लेखी विचारून घ्यावा. वरील ६३,४६० चा आकडा तो मुद्दा न धरता काढलेला आहे. पाचव्या वर्षी २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी मिळते, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तो अनेकदा सांगितला जातो. तथापि जी रक्कम थोडे थांबून सरळ मिळते, तिच्यासाठी वकील शोधण्यात शहाणपण नाही. भविष्य निर्वाह निधीलाही पाच वर्षांचा उंबरठा आहेच. सलग पाच वर्षे होण्यापूर्वी तो काढला तर रक्कम करपात्र होते.

हे सर्व पाहता जूनपर्यंत थांबावे, हे उघड झाले. पण अक्षय तृतीयेचा मुहूर्त हातचा जात होता. वडिलांनी त्यावर तोडगा काढला.

“मग असं करू, दुकान माझ्या नावावर उघडू. तू जूनपर्यंत नोकरी कर. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अण्णा, मिरजेच्या शेठजींना माल मी विकतो. त्यांना काय भावानं पडतो, त्यांची उधारी किती थकलीय, सगळं मला ठाऊक आहे. उद्या तेच गिऱ्हाईक आपल्या दुकानात यायला लागलं, तर ते मला काय म्हणतील? आणि तुम्हाला काय म्हणतील?”

“बाजारात असं सगळेच करतात.”

“म्हणून तर कोणी कोणाला दर सांगत नाही.”

हा प्रसंग थोडा विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की वडिलांचा तोडगा दुर्मिळ नाही आणि तो सुचवणारी माणसे लबाड नसतात. एका घरातले दोन व्यवसाय त्यांना एकाच वहीची दोन पाने वाटतात. परंतु नोकरीच्या काळात मालकाच्या व्यवसायाशी स्पर्धा करणे आणि नोकरी संपल्यावर तोच व्यवसाय करणे या दोन गोष्टींत कायदाही फरक करतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्यास मज्जाव करणारा करार रद्दबातल ठरतो. त्यामुळे ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे टाइल्सच्या धंद्यात पडणार नाही’ अशी अट पत्रात असली, तरी ती सहसा टिकत नाही. नोकरीच्या मुदतीतील बंधन मात्र टिकते. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्याच्या प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे बंधन वैध ठरवले होते. तेव्हा दुकान वडिलांच्या नावावर असले तरी त्या दोन महिन्यांत मुलगा कोणाचे मीठ खात होता, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि बाजार तो कायद्याच्या आधी विचारतो.

मुहूर्त दसऱ्यावर गेला. वडिलांना तो मनापासून पटायला आठवडा लागला. पण पुढे मुलाने त्यांच्यापुढे दुसरा एक हिशेब ठेवला, तेव्हा त्यांच्यातला व्यापारी जागा झाला.

बांधकामाच्या मालाला हंगाम असतो. दिवाळीनंतर मागणी चढते, एप्रिल-मेमध्ये सर्वांत जोरात असते आणि पाऊस लागला की उतरते. जून ते ऑगस्टमध्ये या मुलाची विक्री ३० लाखांऐवजी १५ लाखांवर येते. त्याने मेअखेर नोकरी सोडली असती, तर भर हंगामातील ७५ लाखांहून अधिक उधारी मागे राहिली असती आणि तिच्यावरचे लाखाहून अधिक कमिशन गेले असते. तोच राजीनामा जूनच्या मध्यास देऊन ऑगस्टच्या मध्यास कामातून मुक्त झाले, तर हंगामातील उधारी सूचनेच्या काळातच वसूल होते. मागे राहते ती पावसाळ्यातील अडीच महिन्यांची, साडेसदतीस लाखांची. तिच्यावरील कमिशन ५६,२५० रुपये. ते जाईल हे गृहीत धरायचे. म्हणजे बाजारात आपले येणे ज्या काळात सर्वांत कमी असते, तो काळ निघण्यासाठी निवडायचा. औषधांत, खतांत, कापडात हा काळ निरनिराळा असेल, पण ज्याचे कमिशन वसुलीवर आहे त्याला असा एक काळ असतोच आणि त्याच्या डायरीतच तो सापडतो.

थांबण्यालाही एक धोका आहे, आणि तो दुसऱ्या टोकाचा आहे. कमिशनच्या योजना अशा आखलेल्या असतात, की पुढचा टप्पा नेहमी दोन-तीन महिन्यांवर दिसतो. मार्चचा स्लॅब, मग जूनचा इन्सेंटिव्ह, मग दिवाळीची योजना, मग बँकॉकची सहल. ‘एवढे मिळाले की निघतो’ असे म्हणत माणूस चाळिशी ओलांडतो. म्हणून थांबायचे ठरवले, तर कोणत्या रकमेसाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवावे. आणि टप्पा गाठण्यासाठी जर मार्चअखेर डीलरच्या गोदामात न मागितलेला माल भरावा लागत असेल, तर त्या टप्प्यावर पाणी सोडलेले बरे. तो माल एप्रिलमध्ये परत येतो, कमिशन उलटे वजा होते आणि डीलरशी संबंध बिघडतात ते वेगळेच. जेथे कमिशनच महिनोन्महिने थकते, किंवा ग्राहकाला खोटे सांगितल्याशिवाय टार्गेट होत नाही, तेथे कोणत्याही जूनची वाट पाहू नये.

आतापर्यंतचा हिशेब कंपनीकडून यायच्या रकमेचा झाला. दुसरी बाजू कोणत्याच कागदावर नसते. विक्रेता वर्षभर तोंडी शब्द देत असतो. तासगावला गाडी उतरताना अकरा पेट्या फुटल्या, तेव्हा “क्रेडिट नोट मी बघतो” असे त्याने म्हटलेले असते. विट्याच्या डीलरला ७५ ऐवजी ९० दिवस चालतील, असे फोनवर सांगितलेले असते. जयसिंगपुरात एकाच खोलीसाठी दोन बॅचचा माल गेला, रंगछटा जुळली नाही आणि गिऱ्हाइकाने फरशी उखडली, तेव्हा अर्धी नुकसानी कंपनी देईल असा दिलासा त्यानेच दिलेला असतो. हे शब्द ज्या डीलरांनी मानले, त्यांनी ते कंपनीवर विश्वासून मानले नव्हते. त्यांनी समोर बसलेल्या माणसावर विश्वास ठेवला होता. तो माणूस गेला की नवा विक्रेता म्हणतो, ‘माझ्याकडे नोंद नाही’, आणि त्याचेही खरेच असते.

या मुलाने मे महिन्यातील दोन रविवार डायरी आणि फोनमधील निरोप चाळण्यात घालवले. सतरा शब्द निघाले. चार आधीच निकाली निघालेले होते. उरलेले तेरा त्याने रक्कम, तारीख आणि कारण यांसह वरिष्ठाला ई-मेलने पाठवले. त्यांतील अकरांना मंजुरी आली. येथे क्रम महत्त्वाचा आहे. राजीनामा दिलेला नव्हता, म्हणून मंजुरी आली. निघालेल्या माणसाच्या शब्दासाठी कंपनीचे पैसे खर्च करण्याची उमेद कोणत्याच वरिष्ठात नसते. उरलेले दोन शब्द, मिळून ९,४०० रुपयांचे, कंपनीने स्पष्ट नाकारले. मुलगा त्या दोघांकडे स्वतः गेला आणि नकार आला आहे हे सांगितले. एकाने सोडून दिले. दुसऱ्याने दिले नाही. त्याचे ३,८०० रुपये मुलाने जुलैच्या कमिशनमधून भरले. हे करायला हवे होते का, याविषयी त्या घरातही दोन मते होती. थोरल्या भावाचे म्हणणे असे, की कंपनीचे देणे खिशातून देण्याची सवय लागली तर धंदा होणार नाही. तत्त्वतः त्याचे बरोबर आहे. परंतु तो शब्द देण्याचा अधिकार मुलाला नसताना त्याने तो दिला होता, आणि डीलरला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इन्सेंटिव्ह खात्यात जमा झाला, पाच वर्षे पूर्ण झाली, आणि जूनच्या सतरा तारखेला पत्र गेले. पत्र चार ओळींचे असावे. पद, राजीनाम्याचा दिनांक, सूचनेच्या काळाचा उल्लेख, कामाचा शेवटचा दिवस. कारण लिहिणे बंधनकारक नसते आणि तक्रार तर मुळीच लिहू नये. तक्रारीची उत्तरे येऊ लागली की हिशेबाची बोलणी मागे पडतात. ई-मेलने पाठवून त्याची छापील प्रत वरिष्ठाच्या हाती द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. तोंडी सांगून घरी बसणे हा सर्वांत महाग मार्ग आहे, कारण मग शेवटचा दिवस कोणता, हे कंपनी ठरवते.

काही कंपन्या विक्रेत्याचे पत्र मिळताच त्याच दिवशी त्याचा ई-मेल आणि संगणक बंद करतात. म्हणून स्वतःच्या पगाराच्या चिठ्ठ्या, कमिशनची मासिक विवरणे, करकपातीची प्रमाणपत्रे आणि योजनेची परिपत्रके आधीच घरी ठेवलेली असावीत. ती त्याची स्वतःची कागदपत्रे आहेत. डीलरांची यादी, दरपत्रक, कोणाला किती सूट आहे याचा तक्ता, हे कागद कंपनीचे आहेत आणि त्यांची एकही प्रत बाहेर जाता कामा नये. पाच वर्षे फिरून डोक्यात जे राहिले, ते कोणी काढून घेत नाही. पेन ड्राइव्हमध्ये जे जाते, त्याचा जाब विचारला जाऊ शकतो. नेमणुकीच्या वेळी सुरक्षेखातर कोरा धनादेश दिलेला असेल, तर तो परत मागून घ्यावा. बंधपत्र असेल, तर ते केवळ धाकासाठी आहे असे समजू नये. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका सार्वजनिक क्षेत्रातील बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली आहे.

सूचनेच्या साठ दिवसांत खरे काम एकच असते, ते वसुलीचे आणि येणेबाकी सुपूर्द करण्याचे. बँकांत दरवर्षी कर्जदाराकडून शिल्लक मान्य असल्याची सही घेतात. तीच पद्धत येथे उपयोगी पडते. प्रत्येक डीलरकडून अमुक तारखेला अमुक रक्कम देणे आहे आणि अमुक क्रेडिट नोट येणे आहे, अशी एका ओळीची सही घ्यावी. शक्य असल्यास नव्या माणसाला बरोबर न्यावे. पुढे एखाद्या डीलरने हात वर केले, तर ‘जुन्या विक्रेत्याने घोळ केला’ असे म्हणायला कोणाला वाव राहत नाही. अंतिम हिशेब थोपवण्यासाठी नेमके हेच कारण सर्वाधिक वापरले जाते.

घरातील सुनेने या सगळ्या बोलण्यांत एकच प्रश्न विचारला, “कंपनीचा मेडिक्लेम कधी संपणार?” अण्णांना मधुमेह, सासूबाईंच्या गुडघ्यांचे दुखणे, आणि दोघेही मुलाच्या समूह विम्यात. तो विमा नोकरीबरोबर संपतो. कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी शेवटच्या दिवसाआधीच, शक्य तर त्याच विमा कंपनीकडे वळवून घ्यावी, म्हणजे आधी भरलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. याखेरीज सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते वेगळ्या खात्यात असावेत. धंद्याचे भांडवल त्यात मिसळू नये. ‘पगार चालू आहे तोवर घराचे कर्ज घेऊन टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. नोकरी सुटल्यावर धंद्याची दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे होईपर्यंत बँक हात आखडता घेते, हे त्यामागचे कारण खरे आहे. पण नव्या दुकानाच्या पहिल्या वर्षी मोठा हप्ता मागे लावून घेणे बँकेच्या दृष्टीने जेवढे जोखमीचे, तेवढेच कर्जदाराच्याही दृष्टीने असते. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे आगाऊ कर. आजवर कंपनी पगारातून कर कापत होती. आता १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा त्याला स्वतः लक्षात ठेवाव्या लागतील.

वरील सारा विचार कंपनीच्या हजेरीपटावर असलेल्या माणसाचा आहे. अनेक घरांत गृहिणी किंवा निवृत्त वडील विम्याची एजन्सी चालवतात, ते नोकर नसतात. ओळखायची खूण सोपी आहे, करकपात पगारावर होते की कमिशनवर. एजंटाला करार कायद्यातील एजन्सीचे नियम लागू होतात. काम सोडताना वाजवी पूर्वसूचना द्यावी लागते आणि वेगळा करार नसेल तर मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. मात्र विम्यात नूतनीकरणाचे कमिशन वर्षानुवर्षे येत राहते. आयुर्विमा महामंडळात ठरावीक अटी पूर्ण केलेल्या एजंटाला ते एजन्सी थांबल्यावरही मिळते आणि त्याच्या पश्चात वारसाला मिळते. पुन्हा नेमणूक झालेल्या एजंटालाही जुन्या कामावरील नूतनीकरणाचे कमिशन देण्याचा आणि एजंटांच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय सप्टेंबर २०२३ मध्ये झाला. म्हणून कंटाळा आला या कारणाने एजन्सी सोडू नये. नवे काम करायचे नसेल, तरी ती टिकवण्यास किमान किती काम लागते ते विचारून पाहावे.

आणि ज्यांच्या गल्ल्यावर असे पत्र येऊन पडते, त्यांच्याविषयी. या मासिकाच्या वाचकांत विक्रेते ठेवणारेही पुष्कळ आहेत. निघालेल्या माणसाचे कमिशन अडवून ठेवणे ही व्यवहारदक्षता समजली जाते. वस्तुतः तो गेल्यावर जे पैसे येतात, ते त्याच्याच पायपिटीचे असतात, फक्त शेवटचा फोन दुसऱ्याने केलेला असतो. नेमणुकीच्या पत्रात एक वाक्य घालावे, की निघाल्यानंतर नव्वद दिवसांत आलेल्या त्याच्या वसुलीवर ठरलेल्या कमिशनचा निम्मा भाग त्याला मिळेल आणि निम्मा नव्या माणसाला. यामुळे निघणारा उधारी नीट सुपूर्द करतो आणि येणारा ती नेटाने वसूल करतो. सांगलीच्या त्या घरात दसऱ्याला शोरूम उघडले, तेव्हा पहिल्या विक्रेत्याच्या नेमणूकपत्रात हे वाक्य मुलाने स्वतः लिहिले. अण्णांनी नव्वदचे साठ दिवस केले, आणि सही केली.